फाटकापलीकडचं मीठ

सोमवार. पौष संपत आला आहे.

आई, आज सकाळी उठले, चहा केला, पेपर आला नव्हता म्हणून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. मुलगा आणि सून कामाला गेले. नातीच्या शाळेला कसलीशी सुट्टी होती. ती आता दुसरीत आहे. पाण्यात मीठ विरघळवायचं, ते ताटलीत ओतून उन्हात ठेवायचं आणि रोज काय होतं ते बघायचं, असं तिला शाळेतून सांगितलं होतं. शेजारच्या घरातली तिची मैत्रीणही आली, तिच्याच वर्गातली. दोघींनी ताटल्या मागितल्या, मी दिल्या. मीठ मागितलं, तेही दिलं. ताटल्या गॅलरीत ठेवून झाल्यावर दोघी शेजारी जेवायला गेल्या. घरात आता कोणी नाही. कुकर उतरवून ठेवला आहे, पण लगेच जेवावंसं वाटलं नाही, म्हणून लिहायला बसले.

तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. लग्नापर्यंत आपण एकाच घरात होतो, नंतर दोन गल्ल्या सोडून. काही सांगायचं असलं तर चालत येता यायचं, आणि चालत येऊनही मी फारसं काही सांगितलं नाही. तूही कमीच बोलायचीस, घरात तरी. वर्गात बोलायचीस. तुझा तो वर्गातला आवाज मी एकच वर्ष ऐकला, मी दुसरीत होते तेव्हा. आज त्याच वर्षाबद्दल लिहायचं आहे.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तू शेगडीपाशी भाकऱ्या थापत होतीस. मी पाटी पुसत बसले होते. तू मान वर न करता म्हणालीस, "उद्यापासून एक लक्षात ठेव. फाटकाच्या अलीकडे मी आई. फाटक ओलांडलं की बाई. तिकडे मला अहो-जाहो करायचं."

"आणि फाटक बंद असलं तर?" मी विचारलं.

बाबा चहा पीत होते. ते म्हणाले, "तर दोघीही उभ्या राहा गाडी जाईपर्यंत. ना आई ना बाई."

तू हसलीस, पण नियम तोच राहिला. मुलुंडला तेव्हा आपलं घर रुळांच्या पश्चिमेला होतं आणि शाळा पूर्वेला. तिकडे वस्ती थोडी, नारळाची झाडं जास्त, आणि त्याही पलीकडे खाडीपर्यंत मिठागरं. फाटकापर्यंत तू माझा हात धरायचीस. रूळ ओलांडले की पदर सारखा करायला तुझा हात वर जायचा आणि तो परत खाली माझ्याकडे यायचा नाही. तू कधी हात झटकला नाहीस. मी दोन पावलं मागे राहायचे आणि तुझ्या चपलांकडे बघत चालायचे.

वर्गात तू मला जास्त रागावायचीस असं नाही. कधी रागावली असतीस तर बरं वाटलं असतं, कारण मग माझ्यासाठी काहीतरी वेगळं आहे असं झालं असतं. तू मला अगदी इतरांसारखी वागवायचीस. हात वर केला तर पाळी आल्यावर विचारायचीस. उत्तर चुकलं तर "बसा, विचार करा" म्हणायचीस, जसं सगळ्यांना म्हणायचीस. मधल्या सुट्टीत मी तुझ्या टेबलाजवळून मुद्दाम जायचे. तू वह्या तपासत असायचीस. सात वर्षांच्या मुलीला एवढंच हवं होतं, की एकदा, फाटकाच्या त्या बाजूला एकदाच, तू माझ्याकडे आई होऊन बघावंस. मी पूर्ण वर्ष त्याची वाट बघितली.

पण तुझा वर्ग चांगला होता. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आणि माझ्या शेवटच्या बाकावरून तो सगळ्यात चांगला दिसायचा. "हातात घेऊन बघा," हे तुझं ठरलेलं वाक्य. बेरीज चिंचोक्यांवर. वजन म्हणजे काय ते करवंट्यांच्या तराजूवर, ज्यात एका मुलाने एका पारड्यात पेरू आणि दुसऱ्यात स्वतःची टोपी ठेवली, आणि टोपी जड भरत नाही म्हणून रडायला लागला. एकदा तू सगळ्यांना आपापल्या पावलांनी वर्ग मोजायला लावलंस. प्रत्येकाचा आकडा वेगळा आला आणि खरा कुणाचा यावरून मारामारीची वेळ आली. तू म्हणालीस, "मग एकाच माणसाचं पाऊल धरू. कुणाचं धरायचं?" सगळे ओरडले, "बाईंचं." आणि तू निऱ्या वर धरून, टाचेला अंगठा लावत, भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत गेलीस. आम्ही मोजत होतो. हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले होते, ते तुला दिसले नाहीत.

ते मागे लागलेलेच असायचे. आम्ही पोस्टात जाऊन आलो आणि प्रत्येक मुलाच्या हातावर पोस्टाचा शिक्का उमटला, त्या दिवशी ते म्हणाले, "बाई, ह्या मुलांना अधूनमधून वर्गातही आणत जा. बाकं रिकामी असली की बरं दिसत नाही."

"बाकांची काही तक्रार आली का, सर?" तू विचारलंस.

ते हसले, पण जाताना म्हणाले, "पुस्तक तेवढं संपवा परीक्षेच्या आत." तू संपवायचीस. रविवारी घरी बसून तू पुढच्या आठवड्याची तयारी करायचीस तेव्हा मी जवळ असायचे, करवंट्यांना भोकं पाडायला, दोऱ्या ओवायला. वर्गात त्याच वस्तू मी पहिल्यांदा बघितल्यासारखं तोंड करायचे. तसं तू सांगितलं नव्हतंस. मलाच वाटलं की नियमात तेही बसतं.

थंडी सरत आली तेव्हा तू वर्गात एक पितळी ताट आणलंस. आपल्याच घरचं, काठाला पोचा आलेलं. तांब्यातल्या पाण्यात मीठ टाकून ढवळलंस आणि विचारलंस, "मीठ कुठं गेलं?" कुणी म्हणालं, बुडालं. कुणी म्हणालं, मेलं. तू सगळ्यांना बोट बुडवून चाटायला लावलंस. मग ते पाणी ताटात ओतून खिडकीत ठेवलंस. चिमण्या येऊन बसायच्या, त्यांना हाकलायची पाळी ठरली. काही दिवसांनी ताटाच्या कडेला पांढरी रेघ आली, मग तळाला कण आले. तो टोपीवाला मुलगा ताटावर वाकून म्हणाला, "बाई, समुद्र पण असाच वाळतो का?"

तू त्याच्याकडे बघत राहिलीस. मला तेव्हाच कळलं की आता आपण मिठागरावर जाणार.

आदल्या संध्याकाळी तू गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी सोडलीस आणि तिला गाठी मारायला बसलीस. एक टोक मी धरलं होतं. प्रत्येक मुलाने एकेक गाठ धरायची, म्हणजे कुणी हरवणार नाही. बाबा बाहेरून आले आणि म्हणाले, "माझे लेंगे आता कशावर वाळणार?" तू म्हणालीस, "एक दिवस ओले घाला." मग मला म्हणालीस, "तू शेवटची गाठ धर. कुणी सुटलं तर मला हाक मार."

"काय म्हणून?"

"बाई म्हणून. आणखी काय."

शाळेतून आम्ही पूर्वेकडे निघालो. पुढे तू छत्री घेऊन, मध्ये सगळा वर्ग, शेवटी मी. मिठाच्या गाड्यांनी रस्ता पांढरा झालेला होता, कुणीतरी वाकून तो चाटला. तू मागे वळून म्हणालीस, "मीठ पुढं भरपूर आहे रे, बैलांच्या खुरांखालचं कशाला खातोस?" खाडीचा वास यायला लागला तशी मुलं नाक धरायला लागली, आणि नाक धरलं की गाठ सुटायची. मी दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा बाई म्हणूनच.

मिठागर मी पुढे पुष्कळदा लांबून बघितलं, पण ते डोळ्यासमोर आणायचं म्हटलं की त्या दिवसाचंच येतं. आपण बांधावर उभे आहोत. दोन्ही बाजूंना चौकोनी वाफे, काहींत पाणी, काहींत पाणी आटून नुसती खपली. लांब दांड्याच्या फळीने एक माणूस मीठ ओढतो आहे आणि त्याचा आवाज पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखा येतो आहे. बायका टोपल्या भरून डोक्यावर नेऊन ढीग घालताहेत. ढिगांकडे बघवत नाही इतकं ऊन. तू सांगते आहेस, "हे आपलं ताट. आणि खिडकीऐवजी एवढं मोठं आकाश." टोपीवाला मुलगा विचारतो, "मग चिमण्या कोण हाकलतं?" तू म्हणतेस, "त्यालाच विचार," आणि तो खरंच त्या माणसाला जाऊन विचारतो. माणूस फळी थांबवून म्हणतो, "येतोस काय उद्यापासून? तुलाच ठेवतो."

एक आगरी बाई टोपली उतरवून आपल्याजवळ आली. घाम पुसत तिने सगळी दोरी वरपासून खालपर्यंत बघितली आणि तुला विचारलं, "ही सगली पोरां तुझीच काय गो बाय?"

"सगळी माझीच," तू म्हणालीस.

"मंग दमली असशील."

सगळे हसले. मी हसले नाही. सगळी माझीच, हे तू किती सहज म्हणालीस ते मी ऐकत होते.

तिने ओंजळभर मिठाचे खडे तुझ्या पदरात ओतले, मुलांना दाखवायला. मोठे, टोकदार, थोडे मातकट खडे. तू दोरीच्या पहिल्या गाठीपासून सुरुवात केलीस. "हात पुढं करा. हातात घेऊन बघा." एकेका मुलाच्या तळहातावर तू एकेक खडा ठेवत येत होतीस. ठेवताना दुसऱ्या हाताने खालून त्याचा हात धरायचीस, खडा पडू नये म्हणून. मी मोठ्या मुलीसारखी उभी होते, पण माझा हात केव्हाचा पुढे होता. इतक्या दिवसांत फाटकाच्या या बाजूला तुझा हात माझ्या हाताला लागला नव्हता, आणि आता लागणार होता, नियम न मोडता, पाळीने.

तू माझ्यापर्यंत आलीस. खडा तुझ्या बोटांत होता. मग तू खाली वाकलीस, तो खडा बांधावरच्या दगडावर ठेवलास आणि म्हणालीस, "घे."

मी हात तसाच धरून उभी. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. पदर झटकत वळलीस आणि "चला, गाठी धरा" म्हणालीस. ती आगरी बाई टोपली उचलत होती. ती दगडाकडे बघून, मग माझ्याकडे बघून, हसून तुला म्हणाली, "ही तुझी नं गो?" तू छत्री उचलून पुढे निघालीस. मला वाटलं माझं नाक तुझ्यासारखं आहे म्हणून तिने ओळखलं. मी खडा उचलला आणि परत येईपर्यंत मुठीत दाबून धरला. तळहाताला तो टोचत होता ते मला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात दंगा होता. मुलांनी घरी जाऊन सांगितलं होतं आणि कुणाची आजी, कुणाची काकू म्हणाली होती की मीठ हातावर घेत नाहीत, देणाऱ्याशी भांडण होतं. एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, आजी म्हणाली आता आमचं सगळ्यांचं तुमच्याशी भांडण होणार."

"असं?" तू खुर्चीवर नीट बसलीस. "मग आजच होऊन जाऊ दे. माझ्याशी कोण कोण भांडणार? हात वर."

सगळ्या वर्गाने हात वर केले. काहींनी दोन्ही. टोपीवाला बाकावर उभा राहिला. तू पदराला हात पुसत म्हणालीस, "अरे बाप रे, मी एकटी पुरणार कशी?" आणि वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले मास्तर बघायला आले. मी हात खालीच ठेवला. मला भांडायचा हक्क नव्हता, कारण मला तू हातावर दिलंच नव्हतंस. तू वर्गभर नजर फिरवलीस आणि माझ्यावर आल्यावर ती तिथे जरा थांबली. मग तू फळ्याकडे वळलीस.

घरी मीठ आपण हातात देत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. जेवताना मागितलं की तू वाडगी मधे जमिनीवर ठेवायचीस आणि "घे" म्हणायचीस. पण ते घर होतं. घरातलं काहीही तू त्या बाजूला येऊ देत नव्हतीस, मग नेमकं हेच कसं आलं? लहानपणी मी एवढंच धरून बसले की जे सगळ्यांना मिळतं तेही मला नाही. मोठी झाल्यावर कारण समजलं, पण त्याने फारसं काही झालं नाही. उलट मनात यायचं की ही बाई सगळ्या वर्गाला पाण्याची वाफ शिकवते, आजीबाईंच्या भीतीला हसते, आणि स्वतःच्या मुलीपुरती आजीबाई होते. तू तिथं थांबून विचार केलास आणि मला बाजूला काढलंस, असं मी समजत आले. विचार करून केलेली गोष्ट माफ करायला अवघड जाते.

आपण कधी भांडलो नाही, आई. तो दगड उपयोगी पडला म्हणायचा. पण आपण बोललोही नाही. मी शाळा संपवली, नोकरी धरली, लग्न झालं, संध्याकाळी तुझ्याकडे यायचे तेव्हा भाजी निवडायला बसायचे आणि आपण मेथीबद्दल बोलायचो. शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी तुझं मीठ तोडलं. अळणी वरणभात तू मुकाट जेवायचीस. एकदा घास हातात धरून तू म्हणालीस, "मिठागर आहे का गं अजून?" मी म्हणाले, आहे थोडंसं, आता पूर्वीसारखं नाही. तिथं विचारता आलं असतं. मी ताट उचललं आणि धुवायला गेले.

आज सकाळचं मी वर पुरतं लिहिलं नाही. दोघी मुली ओट्याशी उभ्या होत्या. "आजी, मीठ," नात म्हणाली. मी बरणी उघडली. मैत्रीण जवळ होती, तिने हात पुढे केला, मी चमचाभर तिच्या तळहातावर ठेवलं आणि सांडू नये म्हणून खालून तिचा हात धरला. मग नातीने हात पुढे केला. मी चमचा भरला, वाटीत ओतला, वाटी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "घे."

ती हात तसाच ठेवून म्हणाली, "मला का नाही हातात?"

तिची मैत्रीण म्हणाली, "मला दिलं आजींनी," आणि तिला हात दाखवला.

मी काहीतरी म्हणाले, सांडेल म्हणून. नात म्हणाली, "तिचं नाही सांडलं." मग वाटी घेऊन गेली. मी बरणीचं झाकण हातात घेऊन तिथेच उभी राहिले. या गोष्टींवर माझा विश्वास नाही, नोकरीत मी डब्यातलं मीठ कुणाच्याही हातावर दिलं आहे. मी ठरवलं नव्हतं. ठरवायला वेळही नव्हता. चमचा वाटीकडे गेला तेव्हा मी गॅसवरच्या दुधाचा विचार करत होते. आपलं माणूस समोर आलं आणि हात आपोआप खाली गेला.

तुझाही तसाच गेला असणार. तू बांधावर थांबून काही ठरवलं नव्हतंस. पूर्ण वर्ष तू फाटक नीट सांभाळलंस, पदर सारखा करायच्या निमित्ताने हात काढून घेतलास, हाक मारायची तीही बाई म्हणून मारून घेतलीस, आणि त्या उन्हात, सगळ्या वर्गासमोर, तुझा हात तो नियम विसरला. मी ज्याची वाट बघत होते ते झालं होतं, आणि मी मूठ आवळून घरी आले. त्या आगरी बाईने बघितलं, तिलाही घरी मुली असतील. आणि तू बघितलं नाहीस म्हणजे, आता मला वाटतं, तुला माझ्याकडे बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे हात वर असताना तुझी नजर माझ्यापाशी थांबली ती कशाला, हेही आता समजतं. हात खाली ठेवलेली मी एकटीच होते.

हे पाठवायचं कुठे नाही. नात संध्याकाळी परत येईल तेव्हा तिला काय सांगायचं ते ठरवलेलं नाही, पण सांगेन, ती विचारील तेव्हा, भाजी निवडायच्या आधी. तुला मात्र एक गोष्ट सांगून टाकते. हजेरीला सगळे "हजर बाई" म्हणायचे. मी वर्षभर नुसतं "हजर" म्हणत होते. पुढचा शब्द मनात म्हणायचे, आणि तो बाई नव्हता. तुझ्या लक्षात आलं असेल. तू कधी टोकलं नाहीस.

दुपार कलली. समोरच्या इमारतीची सावली गॅलरीत आली होती, म्हणून दोन्ही ताटल्या उन्हात सरकवून आले. मग पान वाढून घेतलं. वरणात मीठ घालायचं राहिलं होतं, पहिल्या घासाला कळलं. उठले, बरणीतून वाटीत मीठ काढलं, वाटी आणून टेबलावर ठेवली, हात मागे घेतला आणि मग पुढे करून चिमूटभर घेतलं.